चार वाद्यांची बैठक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणी केंद्राचे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी वाजणारी ती धून जरा आठवून पाहा. तंबोऱ्याची आस आणि तिच्यावर व्हायोलिनचे किंचित उदास सूर. आमच्या अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांत दिवस या सुरांनी उजाडत असे. चुलीवर आधण चढलेलं असायचं, माडांवर अजून अंधार असायचा आणि पडवीतल्या रेडिओतून ही धून येऊ लागायची. शिवरंजनीची छाया असलेले ते सूर आपल्या इतके अंगवळणी पडले की ते कुणीतरी रचले असतील, कुणीतरी वाजवले असतील, हा प्रश्नच कधी मनात आला नाही.

या धूनचं श्रेय आज बहुतेक जाणकार वॉल्टर कॉफमन यांना देतात. काही जण इतर नावंही घेतात, पण कॉफमन यांचं नाव सर्वाधिक घेतलं जातं. व्हायोलिन वाजवलं मेहली मेहता यांनी, असं सांगतात. कॉफमन होते बोहेमियातल्या कार्ल्सबाडचे ज्यू संगीतकार आणि मेहली मुंबईचे पारशी. या दोघांचं खरं वेड मात्र निराळंच होतं. ते होतं ‘चेंबर म्युझिक’चं, म्हणजे घरातल्या दिवाणखान्यात मावेल अशा संगीताचं. आज मला बोलायचं आहे ते त्या वेडाविषयी आणि त्या संगीताचं शिखर मानल्या गेलेल्या बेटोव्हेनच्या अखेरच्या क्वार्टेट्सविषयी.

क्वार्टेट म्हणजे चार तंतुवाद्यांचा मेळ. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून थोडा मोठा आणि खर्जाकडे झुकणारा व्हायोला आणि गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा चेलो. समोर काठी हलवणारा संचालक नसतो. ताल धरायला तबला नसतो, स्वर धरायला तंबोरा नसतो. चौघं अर्धवर्तुळात बसतात आणि एकमेकांच्या श्वासावर, नजरेवर सगळं चालतं. आपल्या बैठकीत गवई केंद्रस्थानी आणि बाकीचे साथीला असतात. इथे चौघंही गवई आणि चौघंही साथीदार. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. या चारही वाद्यांना पट्ट्या नाहीत की पडदे नाहीत. स्वर कानानंच शोधावा लागतो आणि शेजाऱ्याच्या स्वराशी क्षणोक्षणी जुळवून घ्यावा लागतो. ज्या काळात कॉफमन रेडिओवर होते त्याच काळात, १९४० साली, रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिचे ठोकून बसवलेले स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या माणसांनी त्यावर काय काय म्हटलं असेल, ते सांगायला नको! हार्मोनियमविरुद्ध लेखणी चालवणाऱ्यांत दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते आणि त्यांनी स्वतःही क्वार्टेट लिहिला होता. मला यात आश्चर्य वाटत नाही. चार बिनपडद्यांच्या वाद्यांत ज्याचा कान तयार झाला, त्याला पेटीचा स्वर खुपणारच.

कॉफमन यांचा जन्म १९०७ चा. शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये झालं. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांचा प्रबंध तयार होता, पण आपले प्राध्यापक नाझींच्या गोटातले आहेत हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेट स्वीकारायला नकार दिला. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. त्यांच्या पत्नी गेर्टी या प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्काच्या भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी, म्हणजे गेर्टी यांची आई आणि दोन मावश्या, पुढे नाझींच्या हत्याकांडात बळी पडल्या. कॉफमन वेळेवर निघाले, एवढंच म्हणायचं.

मुंबई बंदरात शिरणाऱ्या बोटींना वाट दाखवणाऱ्या दिव्यांमध्ये आमच्या थळसमोरच्या खांदेरीचा दिवा आहे. युरोपातून पळून आलेल्या माणसांच्या बोटी त्या दशकात याच पाण्यातून आत गेल्या. आणि थळच्या शेजारीच नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी तिथे एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून या किनाऱ्यावरचे ज्यू वाढले. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव मिळवलं, आणि मराठी आपली केली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली. एकाच धर्माची दोन माणसं, एक कीर्तनात रंगणारा आणि एक बेटोव्हेनमध्ये, एकाच बंदराच्या दोन काठांवर राहत होती. इतिहास शिकवताना मला या गोष्टीची नेहमी गंमत वाटत आली.

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच कॉफमन यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम होत असे. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एजिदिओ वेर्गा हे इटालियन वादक. मे १९३७ पर्यंत या सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत एकशे छत्तीस! आज आपल्याकडे एखाद्या संगीत मंडळाला महिन्याला एक बैठक रेटताना दमछाक होते, हे मी आमच्याच गावच्या अनुभवावरून सांगतो. १९३७ साली कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत तिथे राहिले.

पहिल्यांदा भारतीय संगीत कानावर पडलं, तेव्हा त्यांना त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. पण त्यांनी विचार असा केला की हे संगीत निर्माण करणारी माणसं हृदयाची आणि बुद्धीची आहेत, लाखो लोक ते आवडीनं ऐकतात, तेव्हा कमतरता संगीतात नसून आपल्यात आहे. मग ते शिकायला बसले. त्यातूनच पुढे उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या रागांवरचे त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ अनुक्रमे १९६८ आणि १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

हीच रीत आपण उलट्या दिशेनं वापरून पाहिली तर? मी ती वापरली, आणि त्यासाठी निवडले बेटोव्हेनचे अखेरचे क्वार्टेट. निवड अवघडच म्हणायची, कारण खुद्द व्हिएन्नाच्या लोकांनाही ते पचले नव्हते.

काळ लक्षात यावा म्हणून सांगतो. १८२५ साल. पेशवाई बुडून सात वर्षं झालेली. अलिबागेत दुसरे राघोजी आंग्रे गादीवर होते, कुलाब्याचं संस्थान अजून खालसा व्हायचं होतं. तिकडे व्हिएन्नात बेटोव्हेन ५४ वर्षांचा, जवळजवळ पूर्ण बहिरा. लोकांशी बोलणं वहीत लिहून चालायचं. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय गॅलित्झिन नावाच्या रशियन सरदारानं १८२२ च्या अखेरीस त्याच्याकडे क्वार्टेटची मागणी केली होती. एक, दोन किंवा तीन, जमतील तेवढे. बेटोव्हेननं त्याच्यासाठी तीन लिहिले, मग आपणहून आणखी दोन लिहिले. सरदारसाहेबांचे पैसे मात्र वेळेवर आले नाहीत. आश्रयदात्यांची ही तऱ्हा आपल्या कलावंतांनाही अपरिचित नाही.

पहिला क्वार्टेट, ओपस १२७, ६ मार्च १८२५ रोजी शुपानझिग या वादकाच्या मंडळींनी वाजवला. हा शुपानझिग देहानं अगडबंब, बेटोव्हेन त्याला फॉलस्टाफ म्हणून चिडवायचा. तालीम अपुरी होती, कार्यक्रम पडला. बेटोव्हेन संतापला आणि त्यानं वादन जोसेफ बोम या दुसऱ्या व्हायोलिनवादकाकडे सोपवलं. बोमनं पुढे आठवण सांगितली आहे. तालमीच्या वेळी बेटोव्हेन कोपऱ्यात बसून राहायचा. ऐकू काहीच येत नव्हतं, पण डोळे चौघांच्या गजांवर खिळलेले. गज किती वेगानं सरकतो, कुठे रेंगाळतो, एवढ्यावरून तो लय चुकल्याचं ओळखायचा आणि दुरुस्ती सांगायचा. मला बेटोव्हेनच्या साऱ्या चरित्रात याहून मोठा प्रसंग दिसत नाही. नववी सिम्फनी वगैरे सगळं ठीक आहे, पण बहिरा माणूस गजांच्या हालचालीत आपलं संगीत वाचतो आहे, हे दृश्य विसरता येत नाही.

ओपस १३० चा पहिला जाहीर प्रयोग २१ मार्च १८२६ रोजी झाला. बेटोव्हेन सभागृहात गेलाच नाही, जवळच्या खानावळीत बसून राहिला. मधले दोन छोटे भाग लोकांनी ‘वन्स मोअर’ मागून पुन्हा वाजवायला लावले, असं त्याला येऊन सांगितलं गेलं. आणि शेवटचा भाग? तो होता प्रचंड, खडबडीत असा फ्यूग, म्हणजे एकच विषय चार वाद्यांनी एकमेकांचा पाठलाग करत मांडण्याचा प्रकार. तो लोकांच्या डोक्यावरून गेला होता. बेटोव्हेननं श्रोत्यांना जनावरांच्या नावांनी शिव्या घातल्या, अशी गोष्ट सांगतात. प्रकाशकानं मात्र गोड बोलून त्याला नवा शेवट लिहायला राजी केलं. १८२६ च्या नोव्हेंबरात लिहिलेला तो सोपा, हसरा शेवट म्हणजे त्याच्या हातून पुरी झालेली अखेरची मोठी रचना. चार महिन्यांनी, २६ मार्च १८२७ रोजी, तो गेला. तो जुना फ्यूग स्वतंत्र छापला गेला आणि आज वादक पुष्कळदा तोच वाजवतात.

या प्रयोगाच्या मागोमाग एक गमतीचं प्रकरण घडलं. डेम्बशर नावाचा हौशी श्रीमंत गृहस्थ पहिल्या प्रयोगाला आला नव्हता. त्याला हा क्वार्टेट आपल्या घरी वाजवून घ्यायचा होता. बेटोव्हेननं निरोप पाठवला, आधी शुपानझिगला कार्यक्रमाची वर्गणी म्हणून ५० फ्लोरिन द्या. द्यायलाच हवेत का, असं डेम्बशरनं हसत विचारलं. द्यायलाच हवेत, पाकीट काढा, अशा अर्थाची एक छोटी चीजच बेटोव्हेननं लगेच बांधली. हाच प्रश्न आणि हेच उत्तर त्याच्या शेवटच्या क्वार्टेटच्या, ओपस १३५ च्या, अखेरच्या भागावर स्वरांसकट लिहिलेलं आहे. पंडितांनी त्यात जन्ममृत्यूचं गूढ शोधलं. असेलही. पण मुळात भांडण वर्गणीचं होतं, हे संगीत मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

आता ओपस १३२. १८२५ च्या वसंतात बेटोव्हेन पोटाच्या विकारानं फार आजारी पडला होता. बरा झाल्यावर त्यानं या क्वार्टेटचा मधला भाग लिहिला आणि त्याला आजारातून उठलेल्या माणसाची ईश्वराप्रत कृतज्ञता, अशा आशयाचं शीर्षक दिलं. पुढे टीप जोडली की हा भाग ‘लिडियन’ या जुन्या चर्चसंगीतातल्या स्वरसप्तकात आहे. लिडियन म्हणजे काय? बाकी सारे स्वर शुद्ध आणि मध्यम तीव्र. म्हणजे आपला कल्याण थाट!

हे वाचल्यापासून तो भाग प्रत्यक्ष ऐकायची मला ओढ लागली होती. ध्वनिमुद्रिका घरी वाजवून झाली होती, पण चार माणसांचा मेळ माणसांसमोर बसूनच ऐकावा. आमच्या बाजूच्या माणसाला मुंबईतला संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे मुक्कामाची तयारी, कारण रात्री परतीची लाँच नसते आणि पावसाळ्यात तर गेट वेहून मांडव्याची वाहतूकच बंद. तर काही वर्षांपूर्वी मी आणि भजनी मंडळातला माझा एक मित्र असे दोघं दक्षिण मुंबईतल्या एका लहान सभागृहात जाऊन बसलो. चार परदेशी तरुण वादक, दोन क्वार्टेट, ओपस १३५ आणि मध्यंतरानंतर १३२. खुर्च्या निम्म्या रिकाम्या. पहिल्या अर्ध्या तासात मित्रानं दोनदा घड्याळ पाहिलं.

मग तो संथ भाग सुरू झाला. लांब लांब स्वर, ठाय लयीहूनही ठाय, चौघं जणू श्वास रोखून. मित्र कानाशी लागून म्हणाला, “अरे, हा कल्याणच की!” आणि पाचएक मिनिटांनी पुन्हा, “नाही रे, बिलावल झाला.” त्याचा कान चुकत नव्हता. तंबोरा नसल्यामुळे षड्ज कुणी धरून ठेवलेला नाही. ‘फ’ला षड्ज मानलं तर कल्याण ऐकू येतो, तेच स्वर ‘क’वरून, म्हणजे मूळ पंचमावरून, ऐकले तर बिलावल. आपल्या मूर्च्छनेचाच प्रकार. आपण एकदा षड्ज पक्का केला की त्याचं घर बांधतो. बेटोव्हेननं इथे घर बांधलेलं नाही, उंबरठ्यावर उभा राहून तो आतही पाहतो आणि बाहेरही. मध्येच लय बदलते, शक्ती परत आल्याची खूण म्हणून सूर ताठ होतात, पुन्हा तेच संथ स्तवन येतं. असं पाच खंडांत पंधरा-वीस मिनिटं चालतं. शेवटच्या खंडात चौघांचे गज इतके हलके झाले की बाहेरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मित्रानं घड्याळ पाहिलं नाही.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “समजलं नाही सगळं. पण चौघं एकमेकांचं ऐकत होते बघ. आपल्या भजनात टाळकरी तेवढं ऐकतील तर!”

त्या रात्री मुंबईत मुक्काम करताना मला मेहली मेहता आठवत होते. १९०८ साली जन्मलेल्या या माणसानं मुंबईत १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. वाद्यवृंदात कोण असत? पारशी हौशी मंडळी, युरोपातून आलेले निर्वासित, नौदलाच्या बँडमधले वादक आणि फार मोठ्या संख्येनं गोव्याचे ख्रिस्ती वादक, ज्यांना गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलेलं असे. तालमी मेहतांच्या घरी होत. त्यांचा मोठा मुलगा झुबिन या तालमी ऐकतच वाढला आणि तो पुढे कोण झाला ते आपण जाणताच.

पण पाहा, यातला एकेक आधार कसा निसटत गेला. युद्ध सुरू होताच जर्मन नागरिकांना, त्यात हिटलरच्या छळातून सुटून आलेल्या ज्यूंनाही, शत्रुराष्ट्राचे म्हणून अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आलं. कॉफमन १९४६ मध्ये गेले. १९४७ नंतर गोरे बँडवाले गेले. गोव्याच्या वादकांना हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत रोजचं काम मिळालं, आणि पोटासाठी तेच योग्य होतं. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणून पाहिले. ते पुढे परदेशी गेले. लोकांना त्यांचं नाव माहीत झालं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी त्या गाण्यातून गुरूचं नाव अजरामर केलं.

मेहली १९४५ मध्ये न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे शिकायला गेले. वय सदतिशीचं, घरी बायको आणि दोन मुलं. चार वर्षांनी परत येऊन पुन्हा खटपट केली. १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले आणि मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये. तिथे त्यांची जागा होती दुसऱ्या व्हायोलिनची. मुंबईत जो वाद्यवृंदाचा धनी होता, तो पन्नाशी उलटल्यावर परक्या गावी दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. यात मला उणेपणा दिसत नाही. ज्याला ते संगीत रोज, पूर्णवेळ वाजवायचं होतं, त्याला पहिली खुर्ची की दुसरी याचं काय! १९६४ साली ते लॉस एंजेलिसला गेले, तिथे तरुणांचा वाद्यवृंद घडवला आणि २००२ साली, चौऱ्याण्णव्या वर्षी, तिथेच वारले.

मुंबईत २००६ पासून एनसीपीएचा स्वतःचा वाद्यवृंद आहे, त्यात परदेशी वादकांचा भरणा मोठा आहे. मेहलींच्या नावे संस्था आहे, मुलं शिकताहेत. सिम्फनीला गर्दी होते. क्वार्टेटला अजून खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि आमच्या किनाऱ्यावर तर हे संगीत मुक्कामाची पिशवी घेऊन निघाल्याशिवाय मिळत नाही. दर गुरुवारी, तीन वर्षं, एकशे छत्तीस वेळा बसणारी माणसं पुन्हा जमायला हवीत, मग ती संख्येनं चारच का असेनात.

कॉफमन १९८४ साली अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनला वारले, तिथल्या इंडियाना विद्यापीठात ते वीस वर्षं शिकवत होते. भारतात असताना त्यांनी स्वतःही क्वार्टेट लिहिले होते. त्यांची हस्तलिखितं कित्येक दशकं कपाटात पडून होती. २०२० साली टोरांटोच्या एआरसी आँसांब्ल या मंडळींनी त्यांतले सातवा आणि अकरावा असे दोन क्वार्टेट, काही व्हायोलिनच्या रचनांसह, ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले. माझ्या भजनी मित्राच्या मोबाइलवर ते आता आहेत. कालच त्याचा फोन आला होता, अकराव्यात कुठला राग आहे ते ऐकून सांग म्हणून.